इंजिनाची ओढ : कागदावरची आणि रुळावरची

आपल्या केनवडला रेल्वेचा रूळ नाही; तथापि याच वाशिम जिल्ह्यातील कारंज्यावरून मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ धावत असे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेल्या या 762 मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर 1994 पर्यंत वाफेचे इंजिन होते. आता अशी इंजिने नियमित सेवेतून गेली असली, तरी काही जतन करून पुन्हा चालविली जातात. हरियाणातील रेवाडीच्या शेडमधील, चित्तरंजन कारखान्यात 1965 साली तयार झालेले ‘अकबर’ हे त्यांपैकी एक.

जुने इंजिन दुरुस्त झाले, की पहिला प्रश्न उभा राहतो : याच्यामागे किती भार जोडावा? अंदाज चुकला तर गाडी चढावर अडते. आणि ओढ वाढविण्यासाठी जुन्या बॉयलरमध्ये मर्यादेबाहेर दाब चढविणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ होय.

याचे एक उत्तर गणिताने मिळते. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, दट्ट्याच्या फेरीची लांबी आणि वाफेचा दाब यांचा गुणाकार करून त्याला चालकचाकाच्या व्यासाने भागावे. बॉयलरचा सगळा दाब दट्ट्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्याचे 85 टक्केच धरावेत. ‘अकबर’ ज्या डब्ल्यूपी वर्गाचे आहे, त्यात व्यास 51.4 सेंटिमीटर, फेरी 71.1 सेंटिमीटर, चाक 170.2 सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला 14.8 किलो. यावरून ओढ सुमारे 13,900 किलो येते. मात्र बॉयलर जुना झाल्याने दाब 10 किलोवर मर्यादित केला, तर तीच ओढ 9,400 किलोच्या आसपास उतरते. इंजिन तेच, नाव तेच. पण बळ एक-तृतीयांशाने घटलेले.

शिवाय सिलिंडरमध्ये बळ असून भागत नाही. चाकाने रूळ धरला पाहिजे. कोरड्या रुळावर चालकचाकांवरील वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकीच ओढ टिकते. रूळ ओला वा तेलकट असेल, तर चाके जागच्या जागी फिरतात. म्हणूनच चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते.

म्हणून खरी कसोटी रुळावरच होते. इंजिन आणि डबे यांच्यामध्ये डायनॅमोमीटर, म्हणजे बलमापक यंत्र, बसविलेला डबा जोडतात. इंजिनाने ओढताच जोडणीवर पडणारा ताण हे यंत्र टिपते. सोबत वेग, वेळ आणि अंतर यांचीही नोंद होते. असा नोंदणारा डबा इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी 1839 च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर चालविला होता. गणकयंत्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो.

ताण आणि वेग हाती आले, की शक्ती काढता येते. समजा, जोडणीवर 2,000 किलो ताण आहे आणि वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर आहे. गुणाकार 10,000; त्यास 75 ने भागले, की सुमारे 133 अश्वशक्ती. वेग वाढला की ताण घटतो, म्हणून एकाच नोंदीवर निष्कर्ष काढीत नाहीत. निरनिराळ्या वेगांवर नोंदी घेतात.

चढाचाही हिशेब हवा. 100 मीटरला 1 मीटर चढ असेल, तर दर टनामागे 10 किलो जादा ओढ लागते. 1907 साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर 20 ला 1 असा चढ आहे. तेथे हीच जादा ओढ दर टनामागे 50 किलो होते. सपाटीवर सहज धावणारी गाडी घाटात का अडते, ते यावरून उमगते.

इंजिनावरील पितळी पाटी त्याचा जन्म सांगते, त्याचे आजचे बळ सांगत नाही. ते जोडणीवरच्या ताणातूनच कळते. आपल्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत एकदा स्वतः सोडवून पाहावे. वारशाचा अभिमान जरूर असावा. परंतु प्रवाशांचा भार त्याच्यावर सोपविण्यापूर्वी त्याचे मोजमाप झालेच पाहिजे.