येळवस, माळेगावची यात्रा आणि आपला गळीत हंगाम



मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी आली की नांदेड जिल्ह्याची पावले माळेगावच्या खंडोबाकडे वळतात. दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातले घरटी माणूस शेतात असते. गावे ओस पडतात, लातूर शहरातले रस्तेसुद्धा सुने होतात आणि कुलूपबंद दुकाने पाहून परगावचा पाहुणा बुचकळ्यात पडतो. जिल्हा प्रशासन या दिवसाची स्थानिक सुट्टी देत आले आहे. म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांत आपल्या भागातले दोन मोठे आनंदाचे प्रसंग येतात आणि नेमका त्याच वेळी कारखान्याचा हंगाम ऐन भरात असतो. गव्हाण रात्रंदिवस चालू, तोडणीची टोळी फडात, आणि घरात आंबिलीची तयारी. अशा वेळी सभासदाने सण साजरा करायचा की ऊस पाठवायचा? दोन्ही करता येते. पण त्यासाठी सण काय आहे आणि हंगामाचे गणित काय आहे, दोन्ही नीट समजून घेतले पाहिजे.

येळवस म्हणजे काय?

लेखी मराठीत आपण 'वेळ अमावास्या' म्हणतो, बोलताना मात्र 'येळवस'च तोंडात येते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा सण सर्वांत मोठा. नांदेड, बीड व सोलापूरच्या लगतच्या पट्ट्यातही तो आहे. तिकडे बिदर-कलबुर्गीकडे हीच अमावास्या 'एळ्ळ अमावास्या' म्हणून पाळतात. कानडीत एळ्ळ म्हणजे तीळ. आपल्या 'येळवस' शब्दाचे नाते तिकडेच लागते, असे पुष्कळ जाणकार मानतात. यात नवल नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. पुढे ते उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. नकाशावरच्या रेघा बदलल्या, पण आंबिलीचे बिंदगे काही रेघ मानत नाही. पूजेच्या वेळी शेतात जो गजर होतो त्यातले काही शब्द आजही कानडी वळणाचे आहेत. म्हणणाऱ्याला अर्थ सांगता येत नाही, पण आवाज खणखणीत असतो.

हा सण याच वेळी का, तेही पाहू. भाद्रपद-आश्विनात पेरलेला रब्बी जोंधळा या सुमारास पोटरीतून बाहेर पडून कणसात दाणा धरू लागतो. हरभऱ्याला घाटे येतात, तुरीच्या शेंगा भरतात, करडई काटे दाखवू लागते. पीक उभे आहे, पण अजून हातात आलेले नाही. काळी आई भरल्या ओटीची आहे, तिचे कोडकौतुक करायचे, तिला खाऊ घालायचे, ही या सणामागची भावना. सुगीनंतर आभार मानणारे सण जगभर आहेत. आपला हा सण सुगीच्या आधीचा आहे, हे त्याचे वैशिष्ट्य.

पूजा आणि पंगत

शेतात जोंधळ्याच्या कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करतात. कोपीत चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. सोबत लक्ष्मी. कोपीला शाल किंवा साडी पांघरतात, पूजा होते, नैवेद्य दाखवतात आणि मग घरधनी व पोरेबाळे गजर करीत शेताला फेरी घालतात. आंबील व अन्न पिकात चौफेर शिंपडायचे, म्हणजे पहिला घास रानाला. माणसाची पंगत त्यानंतर.

पंगतीतले मुख्य पदार्थ दोन : आंबील आणि भज्जी. जोंधळ्याचे पीठ शिजवून ताकात कालवायचे, लसूण-जिरे-मीठ लावायचे आणि आंबायला ठेवायचे, ही आंबील. दुपारच्या उन्हात दोन वाट्या पोटात गेल्या की झाडाखाली डोळा लागलाच म्हणून समजा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, बरं का ! तुरीचे कोवळे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, बोरे, मेथी, चुका, कांद्याची पात, जे जे रानात आहे ते सारे चिंचेच्या कोळात, बेसन लावून एकत्र शिजवायचे. सोबत बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर, शेंगापोळी.

या सगळ्याची तयारी घरातल्या बायका आदल्या रात्री करतात. पहाटेपर्यंत चूल विझत नाही. पुन्हा डोक्यावर बिंदगे घेऊन शेत गाठायचे तेही त्यांनीच. पुरुष मंडळींनी निदान भाजी निवडायला, शेंगा सोलायला बसायला हरकत नाही. कोणाचे बोट झिजत नाही.

येळवशीचा एक अलिखित नियम आहे. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचे. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलवायचे. जात, धर्म, ओळख विचारायची नाही. सायंकाळी दूध उतू घालतात. ते ज्या बाजूने उतू जाईल त्यावरून पुढल्या सालाचा अंदाज जुनी माणसे बांधतात. अंधार पडताना गवताचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात आणि मग बैलगाड्या, आता जीपगाड्या, गावाकडे परततात.

माळेगावची यात्रा

लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा आदल्या दिवशी, चतुर्दशीला सुरू होते आणि पुढे चार-पाच दिवस चालते. खंडोबाच्या बहुतेक ठिकाणी चंपाषष्ठीचे महत्त्व. माळेगावला मात्र वद्य चतुर्दशीची देवस्वारी. भंडाऱ्याने माणसे, गाड्या, रस्ता सारे पिवळे होते आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार'ने माळ दुमदुमतो. वाघ्या-मुरळी येतात, कुस्त्यांचा फड रंगतो, तमाशाचे तंबू पडतात, लावणी महोत्सव होतो. नांदेड जिल्हा परिषद कृषी व पशुप्रदर्शन भरवते.

ही यात्रा देवाची तशीच जनावरांच्या बाजाराचीही. घोडे, गाढवे, उंट यांच्या खरेदी-विक्रीसाठी ती लांबवर प्रसिद्ध आहे. भटक्या जमातींची मंडळी पिढ्यानुपिढ्या इथे जमत आली. त्यांच्या सोयरिकी, तंटे-बखेडे, जातपंचायती याच माळावर होत. वर्षभर पाठीवर संसार घेऊन फिरणाऱ्यांना नातलग भेटण्याचा हाच हक्काचा दिवस होता.

आपल्या दृष्टीने पशुप्रदर्शन महत्त्वाचे. लाल कंधारी आणि देवणी हे दोन्ही गोवंश आपल्याच मातीतले : एकाचे नाव कंधारवरून, दुसऱ्याचे लातूर जिल्ह्यातील देवणीवरून. लाल कंधारी ओढकामाला चिवट. देवणीचा बैल कामाचा, आणि गाय दुधालाही बरी. ट्रॅक्टर आल्यापासून दावणी रिकाम्या होत चालल्या. चांगली जनावरे एका ठिकाणी पाहायची, वळू निवडायचा, जातिवंत कालवडीची पारख पोरांना शिकवायची, तर यासारखी दुसरी शाळा नाही. मात्र २०२२ साली लम्पी त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार काही काळ बंद ठेवावे लागले, हे विसरू नये. बाजाराला नेण्याआधी लस टोचून घ्यावी, आणलेले नवे जनावर काही दिवस वेगळे बांधावे.

तिथी दरसाल का हलते?

पुष्कळ सभासद विचारतात की यंदा येळवस डिसेंबरात, मागे जानेवारीत, हे कसे? चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून सण दरसाल तितके अलीकडे येतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकतो. येळवस ११ जानेवारी २०२४ ला होती, नंतर ३० डिसेंबर २०२४ ला आणि त्यापुढची १९ डिसेंबर २०२५ ला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने २०२६-२७ च्या हंगामातली येळवस जानेवारी २०२७ मध्ये पडते. तारीख कोणतीही असो, ती गळिताच्या मध्यावरच येणार. म्हणजे कॅलेंडर हाती आले की तोडणीचे नियोजन आधीच करता येते. ऐन वेळी धावपळ करण्याचे कारण नाही.

तोडलेला ऊस थांबत नाही

ऊस तोडल्या क्षणापासून त्यातले पाणी उडू लागते आणि साखर मोडू लागते. उसातीलच पाचकद्रव्ये व जिवाणू साखरेचे रूपांतर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये करतात. त्याची दाणेदार साखर बनत नाही. म्हणून तोडीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे म्हणतात. वजनातली घट ज्याच्या त्याच्या काट्यावर दिसते. उताऱ्यातली घट मात्र सर्व सभासदांत वाटली जाते.

हिशोब करून पाहा. समजा, रोज ३,५०० टन गाळणारा कारखाना दोन दिवस शिळा ऊस गाळतो आणि उतारा अर्धा टक्का घसरतो. ७,००० टनांवर ३५ टन, म्हणजे ३५० क्विंटल साखर बुडाली. उसाची रास्त व किफायतशीर किंमत उताऱ्याशीच बांधलेली आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. तेव्हा शिळ्या उसाचे नुकसान 'कारखान्याचे' म्हणून सोडून देता येत नाही. कारखाना म्हणजे आपणच.

त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी तोड घेऊन ऊस फडात टाकून जाऊ नये. टोळी सुट्टी घेणार असेल तर चिटबॉयला तीन-चार दिवस आधी सांगावे, म्हणजे शेतकी खाते दुसऱ्या गटातून तोड लावील. तोडलेला ऊस राहिलाच तर पाचटाने झाकावा.

हेंडगा जपून, गाडी जपून

हेंडगा फिरवताना उसाचा फड जवळ असेल तर विशेष सावध राहावे. डिसेंबर-जानेवारीत पाचट वाळलेले असते. एक ठिणगी पुरे, आणि शेजाऱ्याचा फडही जातो. जळीत उसाला दरात कपात बसते ती वेगळीच. फेरी मोकळ्या बांधाने घालावी, पोरांच्या हाती हेंडगा देऊ नये, पाण्याची घागर जवळ ठेवावी आणि राख विझल्याची खात्री करूनच घरी जावे.

नांदेड–लोहा–माळेगाव–अहमदपूर–लातूर हा यात्रेचा रस्ता, आणि उसाच्या गाड्याही त्याच वाटेने. ट्रॉलीच्या मागे रात्री चमकणारी पट्टी लावलेलीच असावी. बंद पडलेली ट्रॉली अंधारात तशीच सोडू नये. यात्रेकरूंनीही उघड्या टेम्पोत दाटीवाटीने बसू नये.

जोंधळा कुठे राहिला?

आता जरा अवघड गोष्ट. येळवस हा जोंधळ्याच्या रानाचा सण. कोपीला कडबा पाहिजे, आंबिलीला जोंधळा पाहिजे, भज्जीला दहा तऱ्हेचा रानमेवा पाहिजे. आज आपल्यापैकी कित्येकांच्या रानात बांधापासून बांधापर्यंत ऊस, नाहीतर खरिपात सोयाबीन. मग कडब्याच्या पेंढ्या मागून आणायच्या आणि भज्जीची भाजी लातूरच्या मंडईतून विकत आणायची, अशी वेळ आली आहे. उसाने आपल्याला पैसा दिला, पोरांची शिक्षणे झाली, हे खरेच. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हेही खरे. मांजराचे धरण कोरडे पडले की ऊसही नाही आणि जोंधळाही नाही.

यावर उपाय फार मोठे नाहीत. ऊस ठिबकवर न्यावा. पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा यांचे आंतरपीक घ्यावे. त्यातून भज्जीची सोय होते आणि हरभऱ्यामुळे जमिनीला नत्रही मिळते. पाच-दहा गुंठे जोंधळा राखावा. त्याला पाणी थोडे, आणि घरच्या भाकरीबरोबर जनावरांना कडबा मिळतो. ज्या रानात फक्त एकच पीक आहे तिथे सण राहतो, पण त्याचा अर्थ निघून जातो.

फडातली कोप

शेवटचा मुद्दा. आपण कोप एका दिवसासाठी उभारतो. आपला ऊस तोडणारी माणसे, बहुतेक बीडकडून आलेली, चार-पाच महिने कोपीतच राहतात. लहान पोरे, म्हातारी माणसे गावाकडे ठेवून किंवा सोबत घेऊन थंडीत, चिखलात ती आपला माल गव्हाणीपर्यंत पोचवतात. वाटसरूला हाक मारून जेवू घालणारा आपला सण. मग आपल्याच फडातली टोळी त्या दिवशी उपाशी किंवा एकटी राहू नये. प्रत्येक सभासदाने आपल्या फडावरच्या टोळीला पोराबाळांसह पंगतीला बोलवावे. निम्म्या दिवसाची सुट्टी ठरवून द्यावी. सकाळची खेप लवकर भरून दुपारी पंगत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोड, असे जमवले तर गव्हाणही थांबत नाही आणि माणूसही मोडत नाही.

पांडवांच्या कोपीला नैवेद्य दाखवून झाला की एक ताट फडातल्या कोपीकडे जाऊ द्या. काळ्या आईला तेवढेच पोचते.

सर्व सभासद, कामगार व तोडणी बंधू-भगिनींना येळवशीच्या शुभेच्छा. येळकोट येळकोट जय मल्हार !