साखरेला गाव-शहर कळत नाही

खारदांड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात आल्या. उजव्या तळव्याला रुपयाएवढी जखम, आत पू. किती दिवस झाले, असे विचारले तर म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले असतील. दुखत नव्हतं, म्हणून नाय दाखवलं." हे न दुखणेच मला खटकले. उपाशीपोटी साखर २४० निघाली. वाढलेल्या साखरेने पायाची संवेदना गेली होती. सर्दी-खोकल्यासाठी त्या वर्षानुवर्षे माझ्याकडे येत. वजन वाढलेले दिसत होते. पण साखर तपासायचे मलाही सुचले नाही, ही माझी चूक.

सोबत अलिबागकडच्या गावाहून आलेला त्यांचा भाऊ होता. शेतकरी, अंगाने काटक. "डॉक्टर, हा तुमच्या मुंबईचा आजार," तो म्हणाला. मी त्याचेही रक्त तपासायला लावले. उपाशीपोटी साखर १३८! दुसऱ्यांदा तपासले, तरी तेच.

भावाचा हा समज आपल्यापैकी अनेकांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे प्रमाण शहरात १६.४ टक्के, तर खेड्यात ८.९ टक्के आढळले. शहर पुढे आहे, हे खरे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के! म्हणजे उंबरठ्यावर दोघेही बरोबरीने उभे आहेत.

मग काटक माणसाला मधुमेह का व्हावा? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे लहानखुरी होती. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. अशी वरून बारीक आणि आतून चरबी असलेली शरीरे आपल्याकडे पुष्कळ. पुढे खाणे वाढले आणि श्रम घटले, की चरबी पोटात साठते व इन्सुलिनचे काम अडते.

श्रम तर सगळीकडेच घटले. मावशींच्या सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरत. मावशी रिक्षाने बाजारात जाऊन दिवसभर बसतात. गावाकडे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, पायवाटेच्या जागी मोटारसायकल. वाण्याच्या दुकानात फरसाण आणि बिस्किटे तिथेही आहेत. यात मासळीचा दोष नाही. दोष ताटातल्या भाताच्या ढिगाचा आणि दिवसाकाठी सहा गोड चहांचा.

वाचकांनी आज एवढे करावे. मोजमापाची टेप घेऊन पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बारीक असला तरी, साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. इथूनच मागे फिरता येते. रोज अर्धा तास भरभर चालावे, भात निम्मा करून भाजी, डाळ, मासळी वाढवावी, चहातली साखर सोडावी. दोनदा १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह. मग औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत. मावशींची जखम भरायला दोन महिने लागले आणि पायाचे एक बोट गमवावे लागले. आता त्यांची नात रोज रात्री दिव्याखाली आजीचे तळवे बघते. दुखत नाही म्हणून दाखवायचे नाही, ही सवय आपण सर्वांनीच सोडली पाहिजे.