एका तोफेचे ‘बंगाल’

जहाज

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सुरुंग काढण्यासाठी आणि मालवाहू जहाजांच्या राखणीसाठी ‘बाथर्स्ट’ वर्गाची ६० छोटी कॉर्व्हेट बांधली. त्यांतली चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी होती : बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. ‘एचएमआयएस बंगाल’ ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आले. लांबी १८६ फूट, वेग जेमतेम १५ नॉट. या वर्गाच्या जहाजांवर सहसा चार इंची तोफ असे. ‘बंगाल’च्या वाट्याला तीन इंचीच आली.

११ नोव्हेंबर १९४२

फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघालेल्या ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाची राखण ‘बंगाल’कडे होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन मोठी जहाजे समोर आली. ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही व्यापारी जहाजे जपानने तोफा, पाणतीर आणि विमाने देऊन हल्ल्यासाठी सज्ज केलेली होती. प्रत्येक १० हजार टनांहून मोठे!

‘बंगाल’चे प्रमुख विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटायला सांगितले आणि आपले जहाज सरळ शत्रूवर घातले. राखणीच्या जहाजाचे कर्तव्य कशाला म्हणतात, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही. तेलवाहू जहाजाला या शत्रूपुढे वेगाने पळणे शक्यच नव्हते. त्यामुळे ‘ओंडिना’चे कप्तान होर्समन यांनीही आपल्या एकुलत्या चार इंची तोफेने मारा सुरू केला.

थोड्याच वेळात ‘होकोकू मारू’च्या मागच्या भागात पाणतिरांच्या नळ्यांजवळ एक गोळा बसला. आग भडकली, दारूकोठारापर्यंत गेली आणि प्रचंड स्फोटानंतर जहाज बुडाले.

गोळा कोणाचा?

‘बंगाल’चा की ‘ओंडिना’चा, यावर आजही एकमत नाही. भारतीय लेखनात श्रेय ‘बंगाल’ला, डच लेखनात ‘ओंडिना’ला मिळते. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. ‘बंगाल’ पुढे घुसले नसते, तर ‘ओंडिना’च्या तोफेला नेम धरायला उसंत मिळाली नसती.

ताटातूट

दारूगोळा संपत आला तसे ‘बंगाल’ धुराच्या आडोशाने मागे हटले. जहाजाला गोळे लागले होते, पण एकही माणूस दगावला नाही. ‘ओंडिना’ बुडाले असेच ‘बंगाल’वरच्या लोकांना वाटले. इकडे होर्समन ठार झाले, खलाशी होड्यांत उतरले, त्यांच्यावर मशिनगन चालल्या आणि जहाजाला पाणतीर लागले. तरीही ते तरंगत राहिले! ‘आयकोकू मारू’ निघून गेल्यावर खलाशी परत चढले, आगी विझवल्या आणि जहाज फ्रीमँटलला आणले.

पुढे

विल्सन यांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर ‘बंगाल’ भारतीय नौदलात राहिले आणि १९६० मध्ये भंगारात निघाले. ते जपायला हवे होते. ऑस्ट्रेलियाने याच वर्गाची ‘कॅसलमेन’ आणि ‘व्हायला’ ही दोन जहाजे संग्रहालये म्हणून राखली आहेत. मेलबर्नला गेलात, तर विल्यम्सटाउनच्या धक्क्यावर ‘कॅसलमेन’ जरूर पाहा.