शाम्पूची वडी आणि चिमूटभर हळद

दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर डोंबिवलीत गृहोद्योगांची प्रदर्शने भरतात. भाजणी, गोधड्या आणि उटण्याच्या शेजारी गेली काही वर्षे तिथे शाम्पूची वडीही मांडलेली दिसते. कुठे ती हिरवट असते, कुठे तपकिरी, तर कुठे वर जास्वंदीची पाकळी दाबलेली. प्लॅस्टिकची बाटली नसते, वडी साध्या कागदात गुंडाळलेली असते आणि कागदावर ठळक अक्षरांत ‘केमिकल-फ्री’ लिहिलेले असते.

या शब्दाची डोंबिवलीकरांना भुरळ पडते, यात नवल नाही. जानेवारी २०१४ मध्ये या शहराने हिरवा पाऊस पाहिला. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २३ मे २०२४ रोजी तिथल्या रासायनिक कारखान्यातील स्फोटाने दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. जिथे रसायन म्हटले की आधी नाक दाबायचे आणि मग खिडक्या लावायच्या, तिथे निदान डोक्याला तरी ते नको असे वाटणे स्वाभाविक आहे. बाटलीचा कचरा टळतो हा या वडीचा फायदाही खराच. प्रश्न फक्त एवढाच, की ती केसांना सौम्य असते का? तर काही वड्या असतात आणि बऱ्याचशा नसतात. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असल्यामुळे घोटाळा होतो.

पहिला प्रकार म्हणजे सरळसरळ साबण. खोबरेल, एरंडेल किंवा ऑलिव्हचे तेल घ्यायचे, त्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळायचे, वड्या पाडायच्या आणि चार-सहा आठवडे मुरू द्यायच्या. मिश्रणात चमचाभर शिकेकाई किंवा माका घातला की झाली ‘नैसर्गिक शाम्पू बार’. नीट मुरलेल्या वडीत मोकळा कॉस्टिक सोडा उरत नाही हे खरे, पण तयार होतो तो साबणच आणि साबण हा अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ९ ते १० भरतो. लिंबू पिळून तो खाली आणता येत नाही, कारण पुरेसे आम्ल घातले तर साबणच फुटतो आणि तेलकट चोथा उरतो. त्यामुळे ‘पीएच संतुलित हातसाबण’ असे कुणी म्हणत असेल, तर ते रसायनशास्त्राला मान्य होणारे नाही.

दुसऱ्या प्रकारात साबण नसतो, सौम्य फेसकारक असतात. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे त्यातले नेहमी आढळणारे नाव. उच्चारायला अवघड, पण तेही नारळाच्या तेलातील मेदाम्लांपासूनच बनवतात. अशा वडीचा सामू ५ ते ७ च्या दरम्यान ठेवता येतो. गंमत अशी, की नावावरून हीच वडी जास्त ‘केमिकल’ वाटते आणि केसांना मात्र हीच मानवते.

दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य अल्काशी गाठ पडताच रंग बदलते. हळदीचे कुंकू होते तेही याच गुणामुळे. तेव्हा वडीचा थोडा फेस पांढऱ्या बशीत घ्यावा आणि त्यात चिमूटभर हळद टाकावी. पिवळा रंग टिकला तर वडी सौम्य फेसकारकाची. तांबूस-लाल झाला तर तो साबण, मग कागदावर काहीही छापलेले असो.

सामूचे एवढे महत्त्व कशासाठी? केसाचे बाहेरचे आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचे असते. केसाचा आपला सामू ३.६७ च्या आसपास आणि टाळूचा ५.५. अल्कधर्मी पाण्यात खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, कंगवा ओढावा लागतो आणि मधेच तुटतात. रंगवलेल्या किंवा स्मूदनिंग केलेल्या केसांना हा त्रास अधिक. अर्थात बाटलीतला शाम्पू म्हणजे निर्दोष असेही नाही. ब्राझीलच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पू तपासले, तेव्हा सामू ३.५ पासून ९ पर्यंत निघाला आणि ५.५ किंवा त्याहून कमी सामू असलेले शाम्पू जेमतेम ३८ टक्के होते.

इथे कुणी म्हणेल, आजीचे केस तर शिकेकाईनेच गुडघ्यापर्यंत वाढले होते! आजी शिकेकाई वापरत होती, साबण नव्हे. शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा उकळून गाळलेल्या त्या पाण्यात सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी असते. म्हणून ते मळ काढते आणि खवले विस्कटत नाही. तीच शिकेकाई साबणात घातली की तिचा आम्लपणा अल्कापुढे टिकत नाही. उरतो तो रंग, थोडा वास आणि नाव. वेळ असेल तर आजही शेंगा उकळून घेणे उत्तम. मात्र रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते, लहान मुलांना न्हाऊ घालताना हे लक्षात ठेवावे.

साबणाच्या वडीची खरी परीक्षा पाणी घेते. उल्हास नदीचे शुद्ध केलेले पाणी ज्या घरी नळाला पुरेसे येते, तिथे ती एक वेळ निभावते. पण मानपाडा, काटई, नांदिवली या पट्ट्यात आणि एकूणच २७ गावांत टँकर आणि बोअरशिवाय अनेक सोसायट्यांचे भागत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असण्याचा संभव असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बादलीवर पांढरे ओघळ उमटत असतील, गीझरच्या कॉइलवर थर बसत असेल, तर पाणी कठीण समजावे. असे पाणी आणि साबण एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस मेणचटतात, निस्तेज होतात. विक्रेते सांगतात, “पहिले महिनाभर असेच होणार, केस डिटॉक्स होताहेत.” केसाचा टाळूबाहेरचा भाग निर्जीव असतो, तो कसले विष बाहेर टाकणार? तो साका आहे आणि महिन्यानंतरही तो साकाच राहतो.

यावर उपाय साधा आहे. साबणाची वडी वापरायचीच असेल, तर शेवटी तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केसांवर ओतावे आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे ठेवावेत. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण त्याने न्हातात. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, ते लादी पुसायला ठेवलेले बरे.

मात्र तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे, आणि नुकसान होते ते हा फरक न कळल्याने. सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात कागदाच्या पुडीत केसांचा गुंता घेऊन येणाऱ्या स्त्रिया रोज दिसतात. “पाणी बदलले, मग शाम्पू बदलला, मग वडी आणली, तरी थांबेना.” पुडीतला केस उजेडात धरून पाहावा. टोकाला पांढरा ठिपक्याएवढा गोळा असेल तर केस मुळापासून आलेला आहे. गोळा नसेल, तुकडे आखूड असतील तर तो तुटलेला आहे. तुटण्याशी वडीचा संबंध असू शकतो, मुळापासून गळण्याशी सहसा नसतो. रोज ५० ते १०० केस गळणे तर सर्वसामान्यच. कठीण पाण्याचा संबंधही जपूनच जोडावा. तमिळनाडूतील १५ स्त्रियांच्या केसांवर २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात केसांच्या ताकदीत फरक आढळला नाही, तर पाकिस्तानात २०१८ मध्ये ७० पुरुषांच्या केसांवर केलेल्या अभ्यासात ती घटलेली आढळली. दोन्ही अभ्यास केसाच्या ताकदीचे होते, टक्कल पडण्याचे नव्हेत.

शेगाव तालुक्याची आठवण ताजी आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील त्या गावांत माणसांचे केस काही दिवसांतच मुठीने हातात येऊ लागले. संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाचे आणि रुग्णांचे नमुने तपासून घेतले आणि गव्हातील अतिरिक्त सेलेनियम हे कारण मांडले.

डोंबिवलीतली कारणे सहसा इतकी नाट्यमय नसतात. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा घाईने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. ताप तोवर विसरलेला असतो आणि दोष त्या आठवड्यात आणलेल्या वडीवर येतो. बहुतेकदा पुढच्या काही महिन्यांत हे गळणे आपोआप थांबते, श्रेय मात्र नव्या वडीला मिळते! थायरॉइडचा विकार आणि लोहाची कमतरता ही आणखी दोन कारणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पहाटेची लोकल गाठणारी, डबा इतरांना भरून देणारी, पाळीत जास्त रक्त जाणारी बाई सहा महिने वड्या बदलत राहते आणि हिमोग्लोबिन तपासायचे राहून जाते. धाप लागणे, थकवा, पाळीच्या तक्रारी यांसोबत केस गळत असतील, तर आधी रक्त तपासावे. भांग रुंद होत असेल किंवा नाण्याएवढे चट्टे पडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

वडी विकत घेताना घटकांची यादी आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक पाहावा. हे दोन्ही छापणे सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार आवश्यक आहे. ‘सोडियम कोको सल्फेट’ असलेल्या वडीवर ‘एसएलएस-फ्री’ लिहिलेले असले, तरी त्यात मोठा भाग सोडियम लॉरिल सल्फेटचाच असतो. टी ट्री किंवा लव्हेंडरच्या सुगंधी तेलांनी काहींना खाज आणि पुरळ येते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून दोन दिवस वाट पाहावी. वडी केसांवर घासू नये. हातावर फेस करून तो टाळूला लावावा, केसांच्या टोकांना ओघळणारा फेस पुरतो. न्हाण्याआधी खोबरेल लावण्याच्या सवयीला मात्र आधार आहे. मुंबईतील रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की खोबरेल केसांच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला जमत नाही. हे दोघे खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागातले होते, हेही नमूद करायला हवे.

वापरून झाली की वडी जाळीच्या साबणदाणीत कोरडी ठेवावी. ओल्या मोरीवर राहिली तर पावसाळ्यात आठवड्याभरात तिचा लगदा होतो.