नोएडातील उमेदवारीची पंधरा-सोळा वर्षे

राजधानीत आंतरवासिता करणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणांचा विचार करताना, त्यांच्यापैकी अनेकांचा मुक्काम प्रत्यक्षात दिल्लीत नसतोच, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. आंतरवासिता म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा पदवी हाती पडताच एखाद्या कंपनीत, कार्यालयात वा वकिलाच्या हाताखाली ठरावीक मुदतीपुरती केलेली उमेदवारी. आणि त्यासाठी उत्तरेकडे निघालेला सांगलीचा, पुण्याचा अथवा नागपूरचा विद्यार्थी २००९ नंतरच्या काळात यमुनेच्या पूर्वेस, उत्तर प्रदेशाच्या हद्दीतील नोएडात येऊन उतरू लागला. दिल्लीतील मराठी माणसांविषयीच्या लेखनात खासदार, सनदी अधिकारी आणि राजेंद्रनगर-मुखर्जीनगरातील स्पर्धा परीक्षार्थी यांना भरपूर जागा मिळाली आहे. दोन-चार महिने राहून निघून जाणारा हा वर्ग मात्र त्यातून निसटला, कारण कोणत्याही महाराष्ट्र मंडळाचा सभासद होण्याइतका काळ तो तेथे टिकत नाही.

नोएडाची स्थापना आणीबाणीच्या काळात, १७ एप्रिल १९७६ रोजी झाली. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी या प्राधिकरणाच्या आद्याक्षरांवरूनच नगराचे नाव पडले. प्राधिकरणाने शेतजमिनी संपादन करून क्रमांक दिलेले सेक्टर पाडले, परंतु अट्टा, हरौला, निठारी, ममूरा यांसारख्या गावांची आबादी, म्हणजे राहत्या घरांची गावठाणातील जमीन, मधोमध तशीच राहिली. कारखान्यांच्या मागोमाग सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, सेक्टर १६-ए मधील फिल्म सिटीत वृत्तवाहिन्यांची कार्यालये थाटली गेली, सेक्टर ६२ मध्ये शिक्षण व संशोधनसंस्थांचा पट्टा वसला आणि मूळची पुण्याची असलेल्या सी-डॅक या संगणक संशोधनसंस्थेचे केंद्रही तेथेच आहे. रुंद रस्त्यांच्या या आखीव नगरात दोन महिन्यांपुरते कोणी राहायला येईल, याची तरतूद आराखड्यात नव्हती. ती केली गावठाणांनी, एकावर एक मजले चढवून आणि खोल्या भाड्याने देऊन.

खरा बदल घडवला तो मेट्रोने. १२ नोव्हेंबर २००९ रोजी ब्लू लाइन नोएडा सिटी सेंटरपर्यंत पोहोचली आणि त्यापूर्वी बस, सामायिक रिक्षा किंवा टोल भरून डीएनडी उड्डाणमार्ग यांवर अवलंबून असलेली ये-जा एका तिकिटावर आली. ९ मार्च २०१९ रोजी हीच मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत वाढली, तेव्हा सेक्टर ६२ ची कार्यालये थेट टप्प्यात आली. या वाढीव भागात सेक्टर ६१ नंतर ५९ आणि त्यानंतर ६२ हे स्थानक लागते, यावरून सेक्टरांच्या क्रमांकावर भरवसा ठेवून पत्ता शोधणाऱ्या नवख्याची काय गत होत असेल, याची कल्पना यावी. पुणे-मिरज मार्गावरून येणारी गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला थांबते. डिसेंबर २०१८ अखेर तेथे पिंक लाइन सुरू झाल्यापासून एक स्थानक जाऊन मयूर विहार-१ येथे गाडी बदलली की नोएडा गाठता येते, आणि मोठी बॅग घेऊन सराय काले खाँच्या गर्दीत रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचा पूर्वीचा पहिला धडा बऱ्याच अंशी टळतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचा प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची आंतरवासिता आवश्यक असते. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथील विधी विद्यापीठे २०१४ ते २०१७ या काळात सुरू झाल्यावर महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाटा आणखी रुंदावल्या. न्यायालयाजवळचे स्थानक ब्लू लाइनवरच असल्याने काळा कोट हातावर टाकून सकाळी नोएडाहून निघणे आणि वकिलाच्या कार्यालयातील काम आटोपून रात्री परतणे, असा अनेकांचा दिनक्रम ठरून गेला. मुंबईच्या लोकलमध्ये विद्यार्थ्याला सवलतीचा पास मिळतो. दिल्ली मेट्रोत तशी सोय नाही, त्यामुळे २०१७ मध्ये दोनदा भाडेवाढ होऊन कमाल भाडे ६० रुपयांवर गेले, तेव्हा तिची झळ विनावेतन राबणाऱ्या उमेदवाराला पूर्णांशाने लागली. त्यातच जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली ग्रेटर नोएडाची ॲक्वा लाइन निराळ्या महामंडळाची असल्याने सेक्टर ५१ ला उतरून, रस्ता तुडवत सेक्टर ५२ चे स्थानक गाठून दुसरे तिकीट काढावे लागे. मे महिन्याच्या दुपारी, लू म्हणजे पश्चिमेकडून येणारा होरपळता वारा सुटलेला असताना, हे अंतर नकाशावर दिसते त्याहून बरेच लांब असते.

राहण्याची व्यवस्था म्हणजे पीजी. पेइंग गेस्टचे हे लघुरूप असले तरी त्यात पाहुणचाराचा भाग फारसा उरलेला नाही. खोलीत दोन किंवा तीन खाटा, तेवढीच लोखंडी कपाटे, खिडकीत पाण्याचा कूलर, वीज सब-मीटरवर वेगळी आकारलेली आणि एक महिन्याचे भाडे अनामत म्हणून आगाऊ, ही रचना सर्वत्र सारखीच आढळते. रीतसर भाडेकराराला अकरा महिन्यांची मुदत आणि नोकरीचा पुरावा लागतो, आणि उमेदवाराकडे यांतले काहीच नसते. पीजीचालक ज्यांना सर्वजण ‘आंटी’ म्हणतात, त्या आधारकार्डाची प्रत आणि महाविद्यालयाचे पत्र घेऊन खाट देतात. मुलींच्या पीजीचे दार रात्री नऊ-दहाला बंद होते, आणि या एका नियमाने किती संधी आपोआप बाद झाल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही: वृत्तवाहिनीतील उशिराची पाळी ज्या मुलीने नाकारली, तिने ती बहुधा कामाच्या धास्तीने नव्हे, तर कुलपाच्या धास्तीने नाकारली. वसतिगृहांतील अशाच निर्बंधांविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत विद्यार्थिनींची ‘पिंजरा तोड’ चळवळ उभी राहिली. खासगी पीजींवर तिचा परिणाम नाममात्रच झाला.

जेवणाच्या डब्यात राजमा, छोले, उडदाची डाळ आणि सकाळी आलूपराठा असे. पहिल्या आठवड्यात ते आवडीने खाल्ले जाई आणि तिसऱ्यात आमटीची आठवण सुरू होई. मोहरीच्या तेलाचा वास ज्यांना सोसत नसे, त्यांचा आधार म्हणजे घरून आणलेले मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि विजेची किटली. इंडक्शन शेगडीला बंदी असली तरी किटलीकडे काणाडोळा केला जाई, आणि तिच्यात चहा, अंडी, नूडल्स, क्वचित मऊ भातही शिजे. त्या भातावर मेतकूट नि तूप पडले की रविवारचे जेवण होई.

कायद्याच्या दृष्टीने हा तरुण कोण, याचे उत्तर निरनिराळे कायदे निरनिराळे देतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेल्या शिकाऊस ठरावीक विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळातील मासिक भत्ता, मिळतो. महाविद्यालयाच्या पत्रावर आलेला आंतरवासी सहसा त्या नोंदणीबाहेर असतो आणि त्याचा भत्ता मालकाच्या मर्जीवर राहतो. याउलट कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रशिक्षणार्थींनाही कर्मचाऱ्याच्या व्याख्येत घेतले आहे. पगारासाठी विद्यार्थी आणि प्रवासभाड्यासाठी नोकरदार, अशा या दुहेरी स्थितीत ही तरतूद उठून दिसते.

मार्च २०२० मध्ये मेट्रो थांबली, एप्रिलमध्ये जिल्हा प्रशासनाने दिल्लीची सीमा बंद केली, आणि उमेदवारी जळगाव-कोल्हापूरच्या घरांतील संगणकासमोर होऊ लागली. पैसे वाचले, पण कामाच्या जागी वरिष्ठ परस्परांशी कसे बोलतात, चूक कशी सावरतात, हे पाहून शिकण्याचा भाग त्यात गळाला, आणि कार्यालये उघडल्यावर खाटा पुन्हा भरल्या, त्या बहुतांशी याच कारणाने.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयोगटातील तरुणांना बारा महिने, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी आणलेल्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले, तेही आपल्याच राज्यात राहून. नोएडातील बऱ्याच पीजींत ५,००० रुपयांत जेवणासह खाट मिळणे कठीण, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडेही ६४ रुपये झाले. त्याहून मोठा फरक मुदतीचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन पावसाळ्यात परतणाऱ्या उमेदवाराला नोव्हेंबरचे धुरके आणि जानेवारीचे धुके कधी अनुभवावे लागले नाही. वर्षभर राहणाऱ्याला कूलरनंतर रजई घ्यावी लागेल, आणि पीजीच्या आडोशाने आजवर चुकवता आलेली भाडेकरार, पोलिस पडताळणी नि गॅसजोडणीची कामे आता त्याच्याही वाट्याला येतील.