मदतीची धाव आणि मुरगळलेला पाय

आमच्या बारामतीत बायकांच्या धावण्याचा विषय निघाला, की लता भगवान करे यांचं नाव निघतंच. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून २०१३ साली साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पाच हजारांचं बक्षीस मिळालं. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात स्वतःचं काम त्यांनीच केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला.

मला हे उदाहरण वारंवार ऐकावं लागलं, कारण मदतीच्या एका धावेत मी नाव दिलं होतं आणि पाच आठवडे आधी इंदापूरच्या बाजारात खड्ड्यात पाय पडून घोटा मुरगळला होता. डायलिसिसच्या रुग्णांना खेड्यांतून आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, त्यांच्या गाडीभाड्यासाठी ती धाव होती. “त्या अनवाणी पळाल्या, तुम्हाला बूट असून काय झालं?” असं लोक हसत हसत म्हणायचे. खरं सांगू का, मला हे पटलं नाही. लताबाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता. अशी वेळ बाईवर यावी, याचीच खरं तर आपल्याला लाज वाटायला हवी. आणि चांगल्या कामासाठी बाईने दुखणं अंगावर काढायचं, हा नियम कुणी केला?

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला गेला होता, हाड शाबूत होतं. चुलत सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन आल्याच! त्यांना म्हटलं, “आत्या, आत्ता चोळू नका.” ताज्या मुरगळीवर चोळलं की सूज वाढते. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकलं, क्रेप पट्टी बांधली, पायाखाली उशी घेतली. सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाला. अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवायचं. मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. चपात्या लाटता लाटता हा व्यायाम छान होतो. (नातवंडांना वाटलं, आजी बगळा झाली!)

डॉक्टरांनी अट घातली होती. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट स्थिर उभं राहता आलं, चवड्यावर उचलता आलं आणि न दुखता लंगडी घालता आली, तरच पळायचं. नाहीतर चालत जायचं. धावेच्या चार दिवस आधी लंगडी जमली, पण सातव्या-आठव्या उडीला घोट्यात चमक आली. म्हणून ठरवलं, दोन मिनिटं हळू पळायचं आणि तीन मिनिटं चालायचं.

यात कमीपणा कसला? तुकोबांच्या पालखीबरोबर आपल्या बायका दिवसचे दिवस चालतात आणि बेलवाडीला, इंदापूरला रिंगण आलं, की डोक्यावर तुळस नि हंडा घेऊन धावतात. सगळी वाट पळत कुणी जात नाही.

तीन किलोमीटरला मला अर्ध्या तासाच्या वर लागला. जाऊबाई केव्हाच पोहोचून चहा पीत होत्या. माझ्या मागे दोघीच होत्या, त्यातली एक कडेवर बाळ घेऊन! पैसे मात्र सगळ्यांच्या नावाचे सारखेच जमा झाले. रात्री घोटा चाचपून पाहिला, सूज नव्हती.

आता आम्ही चौघीजणी रोज पहाटे कालव्याच्या कडेने चालतो. एकीची टाच सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना दुखते, दोन वर्षं झाली. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. परवा तिला घेऊन दवाखान्यात जाऊन आले.