कुंभारणीचं घरटं: पाडावं की ठेवावं?

घट बसायच्या आधी कोल्हापुरात अख्खं घर धुऊन निघतं. वाकळा-चादरी पंचगंगेच्या घाटावर जातात, माळ्यावरचं सामान खाली येतं आणि कॅलेंडरमागं, ट्यूबलाइटच्या पट्टीवर वाळलेल्या चिखलाचे गोळे दिसतात. झाडूचा एक फटका मारला की ते खाली. पण ऑक्टोबरात त्या गोळ्यांत बहुधा कुंभारीण माशीची पुढची पिढी असते. थंडीत तिची वाढ मंदावते आणि आतला मुक्काम लांबतो.

आधी घरटं कुणाचं ते पाहावं. बोटाएवढ्या नळ्या शेजारी शेजारी आणि वरून मातीचा गिलावा असेल, तर ती काळी-पिवळी, सुतासारख्या कमरेची कुंभारीण. ती कोळी धरते. सुरुवातीला तोंडाला काठ असलेल्या लोट्यासारखं दिसणारं आणि नंतर लिंपून घेतलेलं घरटं असेल, तर ती अळ्या धरणारी. बागेला खरा उपयोग या दुसरीचा. उंटअळ्यांसारख्या पानं कुरतडणाऱ्या अळ्या ती डंख मारून बधिर करते आणि आत भरते. कोळीही किडे खातातच. त्यामुळं पहिलीला मित्रकीटक म्हणावं का, याबद्दल माझा हात जरा आखडतो. पण त्रास तिचाही नाही.

दोघींचं काम एकटीचं. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणायची, थापायची. थापताना बारीक गुणगुण ऐकू येते. अळीवाली आधी खोलीच्या छताला धाग्यानं अंडं टांगते आणि मग शिधा भरते. कोळीवाली अंडं भक्ष्याच्या अंगावरच चिकटवते. मग तोंड लिंपून मोकळी. अंडं फुटतं, पिल्लू ताजा शिधा संपवतं, कोष विणतं आणि उबेच्या दिवसांत साधारण महिनाभरात माती कुरतडून बाहेर पडतं.

संतवाङ्मयात वारंवार येणारा कीटक-भृंगीचा दृष्टान्त इथूनच आला. आत अळी नेली आणि बाहेर माशी आली, तेव्हा अळीच ध्यासानं माशी झाली असं पाहणाऱ्याला वाटलं. निरीक्षण चोख होतं. मधला जेवणाचा भाग तेवढा बंद भिंतीआड राहिला. फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र यानं एकोणिसाव्या शतकात अशी घरटी फोडून आतलं सगळं टिपून ठेवलं. तिथल्या कुंभारणी चुलीच्या उबेला घर बांधत.

आता आपल्या भिंतीकडं. गोळ्याला गोल भोकं असतील तर भाडेकरू गेला; खुशाल खरवडा. भोक नसेल तर आत कुणीतरी आहे. अडचणीचं नसेल तर उन्हाळ्यापर्यंत राहू द्यावं. रंगारी यायचाच असेल तर लांबीची पट्टी कडेनं हळू सरकवून घरटं अखंड उचलावं. कोळीवालीच्या नळ्यांना मागची बाजू बहुधा भिंतीचीच असते, त्यामुळं ते उलटं केलं की आतलं उघडं पडतं. तपकिरी, कागदासारखी ठिसूळ कुपी दिसली तर काम सोपं: उघडी बाजू पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला टेकवून खोकं पडवीत, पाऊस आणि मुंग्यांपासून दूर ठेवावं. मऊ पांढरी अळी आणि अर्धवट शिधा दिसला तर मात्र ती जगेल याची आशा कमीच.

काही जागी दयामाया नको. स्विचबोर्ड, गिझरची नळी, एसीचा पाइप इथलं घरटं लगेच काढावं. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात बिर्गेनएअर कंपनीचं विमान कोसळून 189 जण गेले. वेग मोजणारी नळी कुंभारणीच्या घरट्यानं बुजली असावी, असा तपासातला संशय होता. आपल्याकडं एवढं होणार नाही, पण पाणी तुंबून भिंत ओली होते.

मित्रकीटकांची किंमत या भागाला नवी नाही. 2002 साली सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी मावा आला, तेव्हा तो मावा खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या कीटकांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली होती. ते फडातले; कुंभारीण घरात येते आणि म्हणून झाडू खाते. मुठीत धरली तर चावेल, पण घरट्यासाठी अंगावर येत नाही. उघड्या कागदी पोळ्यावरची गांधीलमाशी मात्र येते. अळ्या तीही मारते, तरी दारावरच्या पोळ्याला भर दिवसा हात घालू नये.